मदत हवी आहे: चलन-बिलाचं काम ऑटोमेट करायचंय, मालक म्हणतात फायदा लिहून दाखव

उद्यमबाग_फाइल
नमस्कार. मालासोबत जाणारी रोज ३५-४० चलनं निघतात, सगळी हातानं. आधी वर्डमध्ये चलन, मग तेच नग रजिस्टरात, मग टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर), मग ई-वे बिलाच्या (माल वाहतुकीचा सरकारी ऑनलाइन कागद) साइटवर. एकच ओळ चार वेळा. सॉफ्टवेअरवाल्यानं साडेतीन लाख सांगितलेत. मालकांचं म्हणणं, एवढ्यात दोन पोरं वर्षभर बसतात. सोमवारी कागद द्यायचाय. आकडे कसे मांडू? लवकर सांगा, तत्त्वज्ञान नको.

स्पिंडल_२६
पार्ट किती किलोचा आणि सायकल टाइम किती? सायकल छोटी असेल तर मशीनवर पार्ट चढवणारा गॅन्ट्री लोडर परवडतो. चक हायड्रॉलिक आहे ना?

उद्यमबाग_फाइल
अहो साहेब, मशीन नाही, कागद ऑटोमेट करायचेत!

मच्छे_रोजकीर्द
टर्नओव्हर किती? जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावरचं काम, देता की करता? माल जातो कुठं?

उद्यमबाग_फाइल
पाच कोटींच्या वर. कास्टिंग आमचं, बोअरिंग-ग्राइंडिंग बाहेर. त्याचा इथं काय संबंध?

मच्छे_रोजकीर्द
सगळा संबंध तिथंच आहे. पाच कोटींच्या वर म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल), आणि जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म आयटीसी-०४ वर्षातून दोनदा. बाहेर म्हणजे कुठं? होनगा की शिनोळी?

उद्यमबाग_फाइल
निम्मं शिनोळी.

मच्छे_रोजकीर्द
हे आधी सांगायचं की ओ! शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. तुम्ही बेळगावात, म्हणजे कर्नाटक. तुमचा जीएसटी नंबर २९ नं सुरू, त्यांचा २७ नं. जॉबवर्कचा माल राज्याबाहेर गेला की ई-वे बिलाची ५० हजारांची मर्यादा लागू नाही, पाच हजारांच्या मालालाही ई-वे बिल लागतं. गाडी वीस मिनिटांत पोचत असली तरी ई-वे बिलाच्या दुसऱ्या भागात, पार्ट-बी मध्ये, गाडी नंबर हवाच. म्हणजे तुमचा निम्मा वेळ त्या साइटवर जातो, वर्डमध्ये नाही. फायदा मोजायचा तो तिथला.

वसुली_बघा
कागदावर पगार वाचतो असं अजिबात लिहू नका, मालक तिथंच पकडतील. हिशेब असा. घड्याळ लावून एक चलन मोजा. समजा चारी ठिकाणचे मिळून ९ मिनिटं. ४० चलनं म्हणजे सहा तास. एकदाच भरायचं झालं की ३ मिनिटं, म्हणजे दोन तास. वाचले चार तास, पण अर्धा माणूस काही घरी जात नाही. त्याला बिलावर बसवा, खरा पैसा तिथं आहे.

महिन्याची विक्री ५० लाख धरा. माल गेल्यावर बिल चार दिवस उशिरा निघत असेल, तर रोजचे १.६७ लाख गुणिले ४, सुमारे ६ लाख ६७ हजार कायमचे अडकलेले. सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) १० टक्क्यांनी असेल तर वर्षाला ६६ हजारांवर व्याज. पार्टी ४५ दिवस धरते ते बिलाच्या तारखेपासून, मालाच्या नाही. गेल्या महिन्यातली वीस बिलं काढा, चलनाची तारीख आणि बिलाची तारीख शेजारी लिहा. मालकांना तोच कागद द्या.

शीटवाला
साडेतीन लाख कशाला? गूगल फॉर्म, शीट आणि थोडी स्क्रिप्ट, फुकटात होतं. गेटवरचा माणूस मोबाइलवर भरेल, पीडीएफ चलन आपोआप तयार.

मच्छे_रोजकीर्द
आणि दोघांनी एकाच क्षणी सबमिट केलं की एकच चलन नंबर दोनदा पडतो.

शीटवाला
स्क्रिप्टमध्ये लॉक घातला, म्हणजे एका वेळी एकच एंट्री, की पडत नाही. नंबर १६ अक्षरांच्या आत ठेवा, त्यात फक्त अक्षरं, आकडे, डॅश आणि तिरकी रेघ. दुसरी भानगड आयटम कोडची. '००४५' लिहिलं की शीट ४५ करून टाकते, मग व्हीलूकअपला (कोड शोधायचा फॉर्म्युला) काही सापडत नाही. तो कॉलम आधीच प्लेन टेक्स्ट करा.

मच्छे_रोजकीर्द
शीटमध्ये शिल्लक कोण बघणार? टॅलीत एफ-११ च्या सेटिंगमधून जॉब ऑर्डर प्रोसेसिंग चालू करा, मटेरियल आउट आणि मटेरियल इन व्हाउचरला 'यूज फॉर जॉब वर्क' येस करा. कुणाकडे किती नग पडून आहेत ते तारखेसह दिसतं. गेलेला माल वर्षात परत आला नाही तर पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात, कर आणि वर १८ टक्के व्याज. हाही फायद्याच्या कागदात घाला, मालक दचकतील.

शीटवाला
टॅलीत गेटवरचा माणूस एंट्री करणार होय? फॉर्म कन्नड-मराठी दोन्हीत करता येतो, तिथं काय करणार?

मच्छे_रोजकीर्द
मग फॉर्म गेटवर ठेवा आणि शीट टॅलीत ओढा. टॅलीप्राइम ४.० पासून एक्सेल थेट इम्पोर्ट होतं. इथं भांडण कशाला?

हजेरी_मास्तर
बायोमेट्रिक हजेरी आधी लावा. बोटाला कूलंट-ऑइल असलं की मशीन बोट घेत नाही, चेहऱ्याचं घ्या. शिफ्ट बदलली की रोस्टर…

उद्यमबाग_फाइल
हजेरीचं कुणी विचारलंय?

चंदगडी_काजू
शिनोळीच्या बाजूनं सांगतो. तुम्ही कास्टिंग किलोत पाठवता, आम्ही नगात परत करतो. १२.४ किलोचं कास्टिंग मशिनिंग होऊन १०.९ होतं, दीड किलो बुरादा (कातरण). किलोत शिल्लक धरलीत तर हा दीड किलो कायम येणं दाखवणार आणि सहा महिन्यांनी आयटीसी-०४ भरताना गोंधळ. शिल्लक नगात धरा, वजन शेऱ्यात. बुरादा कुणाचा ते चलनावरच लिहा, नाहीतर बोलणी त्यावरच अडतात.

आणि एक. ई-वे बिलाच्या साइटला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना ओटीपी लागतो. तो मालकांच्या फोनवर जातो आणि मालक असतात लग्नात! गाडी गेटवर उभी. साइटवर सब-युझर करा, त्याला डिस्पॅचवाल्याचाच मोबाइल नंबर द्या. साडेतीन लाखांचं सॉफ्टवेअर घेतलंत तरी हे करावंच लागेल.

वसुली_बघा
हे मात्र बरोबर. आणि गाडी नंबर चुकला तर ई-वे बिल रद्द करू नका, पार्ट-बी बदलता येतो. नग किंवा किंमत चुकली तरच रद्द, तेही २४ तासांत.

उद्यमबाग_फाइल
वीस बिलं काढली. सरासरी पाच दिवस, एक तर अकरा दिवस. पण आयटम लिस्ट उघडली तर एकच ब्रॅकेट सात नावांनी बसलाय. ब्रॅकेट, बॅकेट, 'ब्रॅकेट मोठा', ड्रॉइंग नंबरासकट, नंबराशिवाय… सोमवारच्या आत सगळी पुसून एक करू का?

मच्छे_रोजकीर्द
पुसू नका, एंट्री असलेला आयटम टॅली पुसूही देत नाही. दोन आयटम एकत्र करायची सोय नाही. आधी बॅकअप. ड्रॉइंग नंबर असलेलं नाव ठेवा, बाकी सहांची शिल्लक स्टॉक जर्नलनं (एका आयटममधून दुसऱ्यात माल हलवायची एंट्री) त्याच्यात आणा. मग त्या सहांच्या नावापुढे 'बंद' लिहा, म्हणजे कुणी निवडणार नाही. शिनोळीत पडून असलेले नग मात्र माल परत आल्यावरच हलवा.

स्पिंडल_२६
ब्रॅकेट किती किलोचा म्हणालात?