मदत हवी आहे: स्टोनहेंजच्या ऑल्टर स्टोनमधल्या कणांचं वय म्हणजे दगडाचं वय का?

मंडळी, भूविज्ञान शिकलेलं कोणी असेल तर जरा मदत करा.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचे दगड कुठून आले यावर वाचतोय. मोठ्या उभ्या दगडांचं, म्हणजे सार्सनचं, समजलं. १९५८ साली ५८ क्रमांकाच्या दगडाची दुरुस्ती करताना त्यात भोकं पाडली. त्यातला एक दंडगोल कामावरच्या माणसाने साठ वर्षं जपला आणि २०१८मध्ये परत केला. त्याची रासायनिक घडण जुळली ती सुमारे २५ किमीवरच्या वेस्ट वुड्सशी. ठीक.

घोडं अडलंय ऑल्टर स्टोनपाशी. सहा टनांचा हा वालुकाश्म वेल्सचा, असं कित्येक दशकं धरून चालले होते. २०२४च्या शोधनिबंधात एकदम ईशान्य स्कॉटलंड, किमान ७५० किमी! तेही नवा तुकडा न काढता, संग्रहातल्या जुन्या तुकड्यांच्या पातळ छेदांवरून. दगडातल्या खनिजांपैकी झिर्कॉनचे बरेच कण एक ते दोन अब्ज वर्षांचे, रुटाइल आणि ॲपेटाइटचे सुमारे ४६ कोटी. मग दगडाचं वय कोणतं धरायचं? आणि वयावरून गाव कसं कळतं?

(तिथले लहान दगड, म्हणजे ब्लूस्टोन, हिमनदीने आणले की माणसांनी, हा वाद कृपया इथे नको.)

प्रतिसाद १
यातलं एकही दगडाचं वय नाही. वालुकाश्म म्हणजे जुन्या डोंगरांची झिजून साठलेली वाळू. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यावरून कण मूळ खडकात कधी तयार झाला किंवा पुन्हा तापला ते कळतं. दगड या सगळ्यांपेक्षा तरुण.

गाव कळतं ते वयांच्या मिश्रणावरून. स्कॉटलंड आणि वेल्स एके काळी आयपेटस महासागराच्या दोन काठांना होते, त्यामुळे पायाचे खडक वेगळे आणि वाळूही वेगळी. ऑल्टर स्टोनचं मिश्रण ईशान्य स्कॉटलंडमधल्या ऑर्केडियन खोऱ्यातल्या वालुकाश्माशी जुळलं. खोरं अफाट आहे, नेमकी जागा सापडलेली नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांमधलं मुख्य बेट मात्र त्याच वर्षी बाद झालं.

धागाकर्ता
म्हणजे पिठावरून गहू कुठल्या शेतातला ते सांगायचं! पण जुना तुकडा ऑल्टर स्टोनचाच, हे कशावरून? लेबलं काय, चुकतातच.

प्रतिसाद २
रास्त शंका. १८४४चं लेबल असलेल्या एका तुकड्याबाबत हेच तपासलं. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने दगड जागेवरच, न खरवडता मोजला आणि तुकड्याशी ताडला. दोन्हींत बेरियम भरपूर. वेल्सकडच्या वालुकाश्मांत इतकं सहसा नसतं, आणि वेल्सबद्दल शंका पहिल्यांदा तिथेच आली.