मोटर लावलेल्या सायकलची चेन एका जागी टाईट, एका जागी ढिली – मदत हवी आहे

सायकलला टू-स्ट्रोक इंजिनचं किट बसवतोय. ४१५ ची चेन, मागे ४४ दातांचं स्प्रॉकेट, तेच ते, स्पोकच्या दोन्ही बाजूंनी रबरी चकत्या घालून ९ बोल्टांवर आवळायचं. चाक ३६ स्पोकचं, साधा हब, रिम ब्रेक. इंजिन अजून चालूच केलेलं नाही, क्लच दाबून चाक हाताने फिरवलं की चेन एका जागी तारेसारखी ताठ होते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर एवढी लोंबते की टेन्शनरच्या (चेन ताणून धरणाऱ्या) चाकावरून उतरायलाच बघते.

चाकाचा आऊट (रिमचा वाकडेपणा) आधीच काढलाय, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळलेत, त्याने डावी-उजवीकडे डुलणं जवळपास गेलं. पण फ्रेमला पेन्सिल बांधून टोक दातांपाशी आणलं की खरं दिसतं, एका बाजूला दात टेकतात आणि बरोबर समोर दोन-तीन मिलिमीटर फट. म्हणजे स्प्रॉकेट सेंटरला नाही. चेनची लाईन सरळ आहे, टायरला घासत नाही. टेन्शनर आणखी ताणा असं प्लीज सांगू नका, तो सरकून स्पोकमध्ये गेला तर चाक जागेवर जाम. हबवर बसणारा क्लॅम्पवाला अडॅप्टर सध्या नको, लेथही हाताशी नाही.

स्प्रॉकेटचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असल्याने ते आपोआप सेंटर होत नाही, मग बोल्ट आवळताना ते धरून ठेवायचं कसं? मधल्या फटीत पत्र्याची पट्टी गुंडाळली तर टिकेल का, आणि सगळ्यात टाईट जागी चेनला किती ढील ठेवायची?