जॉलॉफला 'फिका मसालेभात' म्हणणाऱ्यांसाठी

इकेजाकर: काल इथे 'जॉलॉफ' म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटोचा लाल भात, म्हणून एक पाककृती आली. बासमती, पावभाजी मसाला, वर लिंबू-कोथिंबीर. खाली शेरा: "शेवटी आपलाच मसालेभात, जरा फिका." नायजेरियात, लागोसमध्ये संसार केलाय, त्यामुळे डोकंच फिरलं. टोमॅटो, लाल ढोबळी, कांदा आणि तिथली जहाल अता रोडो मिरची वाटून तेलात परतायची. आंबटपणा मरून तेल कडेला सुटेपर्यंत हलायचं नाही. मग थाईम, तमालपत्र, करी पावडर, मटणाचं पाणी आणि लांब दाण्याचा उकडा तांदूळ. घट्ट झाकण, मंद आच. तळाला थोडा लागू द्यायचा, लग्नातल्या जॉलॉफचा तो धुरकट वास त्यातूनच येतो. २०१४ मध्ये इंग्रज शेफ जेमी ऑलिव्हरने जॉलॉफमध्ये लिंबू-पार्सली घातली, तेव्हा नायजेरियापासून घानापर्यंत लोक खवळले होते.

सुगरण_पुणे: पाककृती माझीच. घानात सुवासिक तांदूळ चालतो, मग माझ्या बासमतीनेच काय घोडं मारलं? आणि करी पावडर काय तिथल्या योरुबा लोकांच्या शेतात उगवली?

इकेजाकर: तांदळाचं मान्य. पावभाजी मसाल्याचं मरेपर्यंत नाही.

डाकार_रिटर्न: जॉलॉफ मूळ सेनेगलचं, आणि भांडताय तुम्ही! तिथे मासे घालून चेबूजेन करतात, तेही कणीचं. युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०२१ मध्ये गेलं ते हेच.

डोंबिवलीकर: मी एगुसी केलं, तो नायजेरियातला बियांचा रस्सा. कलिंगडाच्या बियांचा मगज वाटून, पालक घालून. तिकडच्या सुक्या कोळंबीच्या पुडीऐवजी भाजलेला जवळा कुटून घातला. चव जमली, पण सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. "वास येतोय, बंद करा."

शाकाहारी_ठाणे: बरोबरच आहे त्यांचं. लिफ्टमध्ये दोन दिवस वास राहतो. आमच्या नाकाचा विचार कोण करणार?

वेंगुर्ल्याची: आणि तुमच्या हिंगाच्या फोडणीचा विचार आम्ही करतो तो? आमच्या मजल्यावर सुकट भाजली म्हणून माझ्या सासूबाईंना सगळ्यांसमोर बोलले होते. सत्तरीची बाई, रडली घरी येऊन. घर विकत घेतलंय आम्ही, भीक मागून राहत नाही.

शाकाहारी_ठाणे: सासूबाईंना बोलणं चूकच. पण खिडकी उघडून भाजा, एवढं तरी करा.

वेंगुर्ल्याची: खिडकी उघडीच होती!

इकेजाकर: डोंबिवलीकर, जवळा चालेल. पण तेल कोणतं घातलंत? इथल्या दुकानातलं पामतेल रिफाइंड असतं. तिथलं लालभडक, घट्ट, त्याच्याशिवाय एगुसीला रंगही नाही आणि चवही नाही.

डोंबिवलीकर: शेंगदाण्याचं. लाल मिळालंच नाही.

इकेजाकर: मग ती मगजाची भाजी झाली. चांगली असेल, पण एगुसी नाही.

सुगरण_पुणे: बरं, पावभाजी मसाला काढते, रस्सा तेल सुटेपर्यंत परतते. लिंबू मात्र राहणार.

इकेजाकर: लिंबू ताटात वाढा. पातेल्यात नको.

वेंगुर्ल्याची: डोंबिवलीकर, सेक्रेटरीला नियम लेखी मागा. रविवारी मीही जवळा भाजणार आहे.