घरचं आजारपण सांभाळून नोकरी: बेळगाव-सीमाभागातले अनुभव

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करून ड्युटी गाठणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा माणसाला वर्षाला एक आठवडा रजा मिळते. बिनपगारी असली तरी कामाच्या पहिल्या दिवसापासून हक्काची. आपल्या देशात खासगी नोकरीत आई-वडिलांच्या सेवेसाठी अशी वेगळी रजा कायद्यात नाही. ती असायलाच हवी. तोवर कुणी काय मागितलं, काय पदरात पडलं, ते लिहा. कंपनीचं नाव नको.

उद्यमबाग, मशीन शॉप
वडिलांना अर्धांगवायू झाला. सुपरवायझर म्हणाले, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे की, तिकडून रजा घे. चौकशी केली तर वडिलांचे उपचार माझ्या कार्डावर होतात, पण वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात ते कामगार स्वतः आजारी असेल तरच. एकजण माझ्या नावाचं सर्टिफिकेट काढून द्यायला तयार होता. नको म्हटलं. उद्या ते खोटं ठरलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर वडिलांचे उपचारही. मग २० दिवस कामाला एक दिवस अशी साठलेली भरपगारी रजा वापरली आणि कायम दुसरी पाळी मागितली. सकाळी त्यांची अंघोळ, व्यायाम उरकून निघतो. संध्याकाळी बायको असते. तोंडी ठरलं होतं तोवर सुपरवायझर बदलला की पाळी बदलायची. लेखी अर्जावर पोच घेतली, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. पोच घ्याच.

खानापूर तालुका, सरकारी शाळा
कर्नाटक सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०२१ पासून मुलांसाठी सहा महिन्यांपर्यंत बालसंगोपन रजा आहे. लेकाच्या आजारपणात तिचा मोठा आधार झाला. सासूबाई पडल्या तेव्हा मात्र ती चालत नाही म्हणाले. अर्जित रजा टाकली. घरातल्या पुरुषांना तर कुणी विचारतही नाही.

निपाणी
आई विड्या वळते. हजार विड्यांमागे मजुरी. आजीला दवाखान्यात नेलं की त्या दिवशी सूप रिकामं, मजुरी नाही. रजा कसली मागायची आणि कुणाकडं? आजोबांच्या ऑपरेशनला तिच्या पीएफमधून उचल मिळाली तेवढीच. घरच्यांच्या आजारपणासाठी ती काढता येते, हे वळणाऱ्या बायकांना कुणीतरी घरी जाऊन सांगायला पाहिजे.

बेळगाव, केंद्र सरकारी नोकरी
माझा भाऊ जन्मापासून अपंग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पगार न घेता सेवा करणारा घरचा माणूसही 'काळजीवाहक' धरलाय. घरातला मुख्य सेवा करणारा केंद्राचा कर्मचारी असेल, तर २०१८ च्या आदेशाप्रमाणे नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. भावाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडून मागितली, मिळाली. राज्याच्या नोकरीत कुणाला अशी सूट मिळालीय का? मेहुणीची बदली रायबागला झालीय, आणि घरी सासरे अंथरुणावर आहेत.