बेंटोनाइटमधलं लोह पाण्यात उतरतंय, उपाय?

प्रश्न: बेंटोनाइट या चिकणमातीच्या थरांत लोह बसवून मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यावर, रंग तोडायला, हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत वापरतोय. सामू ३, माती लिटरला १ ग्रॅम. रंग १० मिनिटांत जातो, पण तीच माती परत वापरली की जोर कमी आणि गाळलेलं पाणी पिवळसर. लोह टिकवायचं कसं?

उत्तर १: आधी रंग बदला. मेथिलीन ब्लू धनभारित, माती ऋणभारित. पेरॉक्साइड नसला तरी रंग मातीत शिरणारच. माती निळी दिसत असेल तर ते शोषण, विघटन नव्हे. दुसऱ्या खेपेला माती आधीच भरलेली, मग जोर कुठून येणार? फिनॉल किंवा ऑरेंज २ (ऋणभारित रंग) घ्या आणि पेरॉक्साइड न घातलेला एक बीकर सोबत चालवाच.

उत्तर २: लोह टिकणं तयारीवर अवलंबून. माती १ मोलार मिठाच्या द्रावणात तीनदा ढवळा, मग सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाला पांढरं येईनासं होईपर्यंत धुवा. नुसत्या लोहाऐवजी ॲल्युमिनियम-लोहाचे खांब घाला (मातीचे थर दूर धरून ठेवणारे ऑक्साइडचे टेकू), लोह एकूण धातूच्या १० मोल टक्के. दोन्ही धातूंच्या क्लोराइडांचं द्रावण ६० अंशांवर ठेवून कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने, धातूच्या १ मोलला २ मोल. इथे घाई केली की तपकिरी साका धरतो. तो थरांबाहेर चिकटतो आणि आम्लात सगळ्यात आधी सुटतो. तुमचा पिवळा रंग बहुधा त्याचाच. द्रावण रात्रभर मुरवून मातीच्या पातळ राडीत हळूहळू सोडा, धुवा, वाळवा, ५०० अंशांवर २ तास भाजा. क्ष-किरण विवर्तनात थरांतलं अंतर सुमारे १२ वरून १८ आंगस्ट्रॉमच्या आसपास जायला हवं. नाही गेलं तर खांब उभेच राहिले नाहीत.

उत्तर ३: वरच्यात भर. प्रक्रिया अर्ध्यावर असताना ०.२ मायक्रॉनमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तसंच चालू ठेवा. विघटन होतच राहिलं तर काम विरघळलेलं लोह करतंय. फिनॉल तुटताना ऑक्झॅलिक आम्ल बनतं, ते लोह ओढून घेतं, म्हणून गळती शेवटीही मोजा. फिनॉलच्या १ मोलला पेरॉक्साइड १४ मोल, म्हणजे १०० मिग्रॅ प्रति लिटरला ३० टक्क्यांचं साधारण दीड मिली. हप्त्याहप्त्याने घाला, जास्त झालं तर तेच हायड्रॉक्सिल मूलकं (पेरॉक्साइडपासून बनणारे, विघटन करणारे कण) खातं. उरलेला पेरॉक्साइड सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं माप, रासायनिक ऑक्सिजन मागणी) फुगवतो, तो नष्ट केल्याशिवाय आकड्यावर भिस्त ठेवू नका.

प्रश्नकर्ता: सामू ५ चालेल?

उत्तर २: गळती घटेल, पण वेगही बराच पडेल. ३.५ ते ४ मध्ये ठेवा.