बर्लिन: चौघांना चार दिवसांसाठी कोणतं तिकीट परवडेल?

डोंबिवली_फास्ट
आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे) आणि आम्ही नवरा-बायको असे चौघं बर्लिनला चाललोय. विमान संध्याकाळी सहाला बर्लिनच्या विमानतळावर (बीईआर) उतरेल. हॉटेल अलेक्झांडरप्लाट्झजवळ आहे आणि एक दिवस पॉट्सडामला जायचंय. तिकिटांचे प्रकार वाचून डोकं भंजाळलं. शिवाय स्टेशनांवर गेटच नाहीत म्हणे, मग तिकीट बघतं कोण?

फलाट_क्र_३
आधी झोन बघा. शहराचा मधला भाग ए, त्याभोवतीचं उरलेलं शहर बी, आणि हद्दीबाहेरचं सी. विमानतळ आणि पॉट्सडाम दोन्ही सीमध्ये येतात. त्यामुळे त्या दोन प्रवासांना एबीसी, बाकी वेळी एबी पुरतं.

चौघांसाठी २४ तासांचं गट-तिकीट घ्या, ते पाच जणांपर्यंत चालतं. किंमत ३५ युरोंच्या आसपास. प्रत्येकी २४ तासांचं एबी घेतलं तर एकाला ११ च्या आसपास लागतात, म्हणजे चौथा माणूस आला की गट-तिकीट स्वस्त, तिघांना नाही. विमानतळावरच एबीसी गट-तिकीट घेतलं आणि सातला वापरायला सुरुवात केली, तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंतचं फिरणंही त्यातच होतं. नुसती चार एकेरी तिकिटं घेतलीत तर २० युरो तिथेच गेले.

गोची एकच: तिकीट एक, म्हणून चौघं एकत्रच हवेत. आई-बाबा दमून लवकर हॉटेलवर परतले तर एका जोडीला वेगळं तिकीट काढावं लागेल.

विमानतळावरून एस९ ही लोकल थेट अलेक्झांडरप्लाट्झला जाते. एफईएक्स ही एक्सप्रेस असली तरी याच तिकिटात चालते, जास्तीचे पैसे नाहीत. मात्र ती मुख्य स्टेशनला जाते.

शिक्कामोर्तब
गेट नसतात, पण साध्या कपड्यांतले टीसी डब्यात चढतात. दंड माणशी ६० युरो, आणि "पाहुणे आहोत, माहीत नव्हतं" हे ते ऐकून घेत नाहीत. पर्यटक बहुधा पकडले जातात ते तिकीट असूनही. मशीनमधून निघालेल्या कागदी तिकिटावर तारीख-वेळ छापलेली नसेल, तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. एस-बान (लोकल) किंवा यू-बानच्या (मेट्रो) डब्यात ते यंत्र नसतं. बस-ट्राममध्ये असतं. अ‍ॅपवरच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते चढण्यापूर्वी घेतलेलं हवं. टीसी दिसल्यावर घेतलेलं धरत नाहीत.

एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. मध्ये उतरून पुन्हा चढता येतं, तासाभरात म्युझियम बघून त्याच तिकिटावर परत येता येत नाही. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत.

डोंबिवली_फास्ट
धन्यवाद! आणि तो देशभर चालणारा महिन्याचा पास?

फलाट_क्र_३
डॉइचलांडटिकेट. २०२६ पासून माणशी ६३ युरो. चार दिवसांसाठी मुळीच नको. ते कॅलेंडर महिन्यापुरतं असतं आणि आपोआप पुढे चालू राहतं. त्या महिन्याअखेर बंद करायचं तर १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. पंधरा तारखेला घेतलं तर बहुतेकदा पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. जर्मनीत तीन-चार शहरं लोकल गाड्यांनी करणार असाल तरच विचार करा, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत ते चालत नाही.

पर्यटक कार्डात प्रवासासोबत प्रवेश-तिकिटांवर सवलत असते. जिथे जाणार ती ठिकाणं त्या यादीत नसतील तर उगाच जास्त पैसे.

सरकता_जिना
सत्तरीचे आहेत म्हणून दोन गोष्टी. लिफ्ट बंद असणं नेहमीचं आहे. ब्रोकनलिफ्ट्स नावाच्या संकेतस्थळावर स्टेशनवार स्थिती दिसते, सकाळी निघण्याआधी बघा. दुसरं, शनिवार-रविवारी एस-बानच्या रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात बदली बस असते. पॉट्सडाम शक्यतो कामाच्या दिवशी करा. अलेक्झांडरप्लाट्झहून आरई१ ही कमी थांब्यांची गाडी पकडली तर एस७ लोकलपेक्षा लवकर पोहोचता, तिकीट तेच. पॉट्सडाम स्टेशनवरून सांसूसी राजवाड्याला ६९५ नंबरची बस जाते, तीही एबीसी तिकिटातच.