रिबेकावाले गुंड की नाडलेले शेतकरी?

कोरडवाहू: काल इथं एकानं लिहिलं, "वेल्समधल्या १८३९ ते १८४३ च्या रिबेका दंगली म्हणजे टोल बुडवायला बायकी झगे घालून केलेली गुंडगिरी." वाचून राहवलं नाही. (झगा घातलेल्या म्होरक्याला 'रिबेका' म्हणत, म्हणून हे नाव.) तिथली जमीन आंबट, चुना टाकल्याशिवाय पीक नाही. भट्टीवरून चुना आणताना वाटेत दर ट्रस्टचा, म्हणजे रस्ते सांभाळून टोल घेणाऱ्या मंडळाचा, नवा नाका. नाके लिलावात घेणाऱ्या बुलिनसारख्या ठेकेदारांनी आडवाटांवरही फाटकं टाकली. त्यात पावसानं पिकं झोपलेली आणि चर्चचा दशांश (पिकाचा दहावा हिस्सा) १८३६ च्या कायद्यानं रोखीत. रोकड आणायची कुठून?

मूळ धागाकर्ता: हलाखी मान्य. पण ट्रस्टनी कर्ज काढून रस्ते केले होते. व्याज कुणी फेडायचं?

कोरडवाहू: व्याजाचं कौतुक मला नका सांगू. गेल्या पावसाळ्यात माझा कांद्याचा टेम्पो नाका ओलांडताच खड्ड्यात बसला. पावती खिशात होती, कांदा चिखलात.

नाकेदाराची लेक: सारा विल्यम्सचं नाव कुणीच घेईना? सप्टेंबर १८४३, हेंडीचा नाका, तो सांभाळणारी पंचाहत्तरीची बाई. घर पेटवलं म्हणून शेजाऱ्यांना हाका मारायला धावली आणि गोळी लागून मेली. ज्यूरी काय म्हणाली? छातीत रक्त साचलं, कशानं ते कळत नाही! माझे वडील जकात नाक्यावर होते. त्यांच्या उघड्या डब्यात एक ट्रकवाला थुंकला. वडिलांनी वरची पोळी काढून टाकली, खालची खाल्ली. मी सात वर्षांची होते, समोर बसले होते.

बांधावरून: वाईट झालं. पण लोकांना लुटणारी नोकरी धरायचीच कशाला? सोडायची.

नाकेदाराची लेक: पंचाहत्तराव्या वर्षी सोडून जायचं कुठं? वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून राबवणाऱ्या आश्रयगृहात? त्याच वर्षी जूनमध्ये कारमार्थनचं वर्कहाऊस तुमच्याच लोकांनी फोडलं ना, तिथं गरिबांचे हाल होतात म्हणून? लिलाव घेणारा वेगळा असतो आणि खिडकीत बसणारा वेगळा. दगड खिडकीवरच पडतात.

बांधावरून: तुम्ही घरचं दुःख इतिहासात घुसडताय.

कोरडवाहू: त्यांना गप्प करू नका. साराबद्दल मी लिहायला हवं होतं, चुकलं. तरी एक सांगतो, ताई. फाटकं मोडली तेव्हाच सरकारनं चौकशी आयोग नेमला. १८४४ च्या कायद्यानं ट्रस्टांची सद्दी संपली, रस्ते जिल्हा मंडळांकडे गेले, चुन्यावरचा टोल निम्मा झाला. नुसत्या अर्जांनी हे झालं नसतं.

नाकेदाराची लेक: टोल कमी झाला हे मानते. साराच्या खुनाबद्दल मात्र एकालाही शिक्षा झाली नाही.